तळातली आडवी रेघ

आमच्या ह्यांना तक्त्याचं खूळ लागलं ते शिरोलीच्या फौंड्रीत. तिथं कुठलं मशीन किती वेळ चाललं आणि किती वेळ नुसतं उभं राहिलं, हे एक्सेलमध्ये भरायचं आणि त्याचा आलेख साहेबांसमोर मांडायचा, हीच ह्यांची नोकरी. ते तिथंच राहिलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. पण दोनेक वर्षांपूर्वी हे खूळ मोटरसायकलवर बसून कसबा बावड्याला आमच्या घरी आलं.

ह्यांनी आधी स्वतःचा वेळ मांडला. व्यायाम, वाचन, झोप, ऑफिस, प्रत्येकाची वेगळ्या रंगाची रेघ. आजचा वेळ कालपर्यंतच्या बेरजेत मिळवायचा, म्हणून रेघ चढत जाते. एखादं काम केलंच नाही तर ती आडवी पडते, पण खाली कधी येत नाही. घरी कोण आलं की चहाच्या आधी लॅपटॉप उघडायचा. "पावणं, हे बघा, दिवाळीपास्नं किती वाचन झालंय!" पावणे बिचारे मान हलवायचे. रोज संध्याकाळी कट्ट्यावर मित्रांबरोबर दूध पीत मारलेल्या गप्पा ह्यांच्या तक्त्यात 'जनसंपर्क' होत्या. मी पोट धरून हसले होते. तेव्हा हसायला येत होतं.

मग मला फोन आला. मुलगी व्हायच्या आधी मी शिरोलीतच एका पंपांच्या कारखान्यात खरेदीचं बघायची. तिथले जुने साहेब म्हणाले, "येताय का परत? महिनाअखेरपर्यंत जागा अडवून धरतो." फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात चक्क नाचले. मला ती नोकरी हवी होती. फार हवी होती. सकाळी नीट आवरून, डबा घेऊन, लोक आपल्याला आडनावानं हाक मारतात अशा ठिकाणी मला जायचं होतं.

हे नाही म्हणाले नाहीत. शिकलेला माणूस सरळ नाही म्हणत नाही, तिथंच तर सगळा घोळ आहे. म्हणाले, "भावनेनं कशाला, डेटानं ठरवूया की. महिनाभर तुझा वेळ भर. मोकळा वेळ निघाला तर बेलाशक जा." माझ्या फोनवर तक्ता करून दिला. निवडायला कामांची यादी होती: स्वयंपाक, साफसफाई, मुलगी, आत्ती, झोप, आराम, इतर. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. पाय मोडल्यापासून त्यांना धरल्याशिवाय चालता येत नाही.

मीही खुळीच. वाटलं, माझी रेघ एकदा ह्यांच्या डोळ्यांसमोर चढली की हेच म्हणतील, अगं, एवढं सगळं तू करतीस? घरचं बघू काहीतरी, जा तू.

पहिल्याच आठवड्यात रकाना लाल झाला. माझा दिवस चोवीस तासांच्या वर गेला होता. "चुकलंय," हे म्हणाले. "दिवस चोवीस तासांचाच असतोय." चुकलं कुठं होतं? कुकर लावलेला, मुलीचे पाढे ऐकतेय, त्यातच आत्तींना गोळी देतेय. मी तिन्ही कामं भरली होती.

"एका मशीनवर एका वेळी एकच काम टाकायचं. फौंड्रीत तसंच असतंय."

"मी मशीन आहे काय?"

"तसं न्हवं गं. उदाहरण दिलं."

उदाहरण म्हणे! मग मी तिन्हींतलं एकच भरायला लागले. उरलेली दोन कोणी केली ते देवाला ठाऊक.

खरा कहर पुढंच होता. आत्ती न्हाणीत असल्या की मी टॉवेल धरून दाराबाहेर उभी असते. तो वेळ मी 'आत्ती'मध्ये टाकला होता. ह्यांनी तपासताना विचारलं, "तेवढ्या वेळात तू काय करत होतीस?"

"काही नाही. वाट बघत होते."

"मग ते मशीन उभं राहिल्यागत झालं. आरामात जातंय ते." आणि माझ्यासमोर बदललं की! नळाला पाणी यायची वाट बघणं, मुलीच्या शाळेच्या गाडीसाठी कोपऱ्यावर थांबणं, सगळं आरामात. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. खाटेवरनं आत्ती ओरडल्या, "आरं, ती दाराशी उभी असती म्हणून मी पडत न्हाय!" हे हसले. म्हणाले, "आई, तुला ह्यातलं न्हाय कळायचं."

महिना संपत आला तसं एका रविवारी ह्यांनी आलेख काढला. झोप सोडली तर स्वयंपाकाच्या खालोखाल माझी सगळ्यात उंच रेघ कुठली? आराम. हिरवीगार, पाणी मिळालेल्या उसागत वर गेलेली. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, मला आनंद झाला. म्हटलं, सापडला हा माणूस स्वतःच्याच तक्त्यात.

"एवढा मोकळा वेळ आहे ना माझ्याकडं? तुम्हीच काढलाय. मग सोमवारपासून जाते मी."

हे चष्मा पुसत शांतपणे म्हणाले, "हाय की मोकळा वेळ. पण सलग न्हाय. हितं दहा मिनिटं, तितं पाच. नोकरीला सलग वेळ लागतोय."

उभं राहिलं तर आराम, आणि तो आराम मागितला तर म्हणे तुटक! "तुमचा जनसंपर्क बरा सलग असतो," मी म्हणाले. त्यावर उत्तर आलं, "विषय बदलू नको."

मी भांडले. दोन दिवस घर डोक्यावर घेतलं. बाई ठेवू म्हटलं, तर आत्तींना परक्या बाईचा हात चालणार नाही असं ह्यांनीच ठरवून टाकलं. आत्तींना कोणी विचारलंच नाही. मग त्यांना धरायला कोण, ह्या एका प्रश्नाशी प्रत्येक भांडण येऊन थांबायचं, आणि तोवर ह्यांची फौंड्रीत जायची वेळ झालेली असायची. शेवटी मी साहेबांना फोन करून जमणार नाही म्हणून सांगितलं.

"का हो ताई?"

"वेळ नाही," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार, कपाळ?

फोन ठेवला आणि त्या यादीत माझ्या हातानं एक शब्द घातला: नोकरी. त्याच्यासमोर त्या फोनचा वेळ भरला. आलेखाच्या तळाशी एक रेघ उगवली, नखभर चढली आणि आडवी झाली. त्यानंतर मी तक्ता भरणं सोडलं. पण ह्यांनी तो आपल्या तक्त्याला जोडून घेतलाय. माझ्या रेघा हे अंदाजानं भरतात आणि पावण्यांना दाखवतात, "हे आमचं सगळं घर."

परवा मी न्हाणीच्या दाराशी टॉवेल घेऊन उभी होते. आत आत्तींची अंघोळ चालली होती. हे सोफ्यावरून म्हणाले, "अगं, ही तळातली रेघ काढू का? काय हालत न्हाय ती. नुसती जागा अडवती."

"हात लावून तर बघा," मी म्हणाले.

माझा आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. मला पाहिलं, टॉवेल पाहिला. रेघ काढली नाही. मग घड्याळाकडं एक नजर टाकून माझा तो वेळ आरामात भरला.