केडगावच्या नळावरची मनकर्णा

मनकर्णाबाईंना कुठं जायचं म्हटलं की आधी गुडघ्यांची परवानगी काढावी लागते. पहाटे उठून खानावळीच्या पोळ्या लाटायच्या, दुपारी जरा पाठ टेकतेय न टेकतेय तोच संध्याकाळच्या पोळ्या उभ्या. नवरा, पुंजाराम, गेले तेव्हापासून हे असंच चाललंय. तरी त्या रविवारी त्यांनी खानावळवाल्याकडे संध्याकाळची सुट्टी मागितली. त्यानं तोंड वाकडं केलं, पण दिली.

कारणच तसं होतं. नगरचं हे उपनगर, केडगाव, आता ओळखू येईनासं झालंय. म्हणून जुन्या वसाहतीतल्या कल्याणरावांनी देवळाच्या सभामंडपात बालपणीच्या आठवणींचा कार्यक्रम ठेवला होता. कल्याणरावांना रिकामं बसवत नाही, आणि दुसऱ्यालाही ते बसू देत नाहीत. प्रत्येकानं एक आठवण सांगायची आणि ते ती मोबाईलवर घेणार, असा बेत होता.

मनकर्णाबाईंकडे आठवण एकच होती. आठ दिवस पोळ्या लाटता लाटता त्या ती मनाशी म्हणून बघत होत्या.

आईबाप पाथर्डीकडचे, ऊसतोडीला जाणारे. दिवाळी झाली की कोयते बांधून निघायचे ते उन्हाळा लागल्यावर परतायचे. पोरीची शाळा बुडू नये म्हणून त्यांनी तिला केडगावात रंगुबाई मावशीकडं ठेवलं. आणि मावशीनं तिला नळावर बसवलं! वसाहतीला नळ एक, आणि पाणी कधी येईल ते नळालाच ठाऊक. सकाळपासून हंडे, घागरी, डबे रांगेत लागायचे. ज्या भांड्यापाशी माणूस नाही ते भांडं उचलून रांगेच्या शेवटी, असा वसाहतीचा कायदा होता, आणि तो कोर्टाच्या कायद्यापेक्षा कडक होता. त्यामुळे कुणीतरी बसायलाच हवं. मावशी बाई म्हणून वाईट नव्हती. घरातल्या दोन पोरींपैकी एकच शाळेला मोकळी करता येत होती, आणि तिनं पोटची पोर मोकळी केली. ती पोर म्हणजे सविता.

शाळा रस्त्याच्या पलीकडंच होती. पाढे नळापर्यंत ऐकू यायचे. बाया म्हणायच्या, "मनके, माझ्याबी घागरीकडं बघ गं," आणि मनका बघायची. उन्हाळ्यात आई परतली की विचारायची, "कितवीत गेली गं?" मावशी कितवा तरी आकडा सांगून टाकायची. मनका गप्प राहायची. पुढं लग्न झालं, पोरं झाली, तरी ती गप्पच राहिली. आता एकदाच, चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं हे सांगायचं होतं. तक्रार नव्हती करायची. कुणाला तरी ठाऊक असावं, एवढंच.

सभामंडपात गर्दी बरी होती. साठीच्या माणसाला बालपण विचारलं की ते गोडच निघतं, त्याला कोण काय करणार? कुणाला चोरलेले पेरू आठवले, कुणाला रेल्वे बघायला रुळापर्यंत धावलेलं. मच्छिंद्र टेलर तर मास्तरांचा मार आठवून खुदुखुदू हसत होते. मनकर्णाबाईंचे डोळे मिटायला लागले होते. शेजारी सविता बसली होती. ती आता निवृत्त शिक्षिका, सावेडीला राहते, रिक्षा करून आली होती. माईक आधी तिच्या हातात गेला.

"माझं बालपण नळावर गेलं," सविता म्हणाली.

मनकर्णाबाईंचे डोळे खाडकन उघडले.

"भांड्यांच्या रांगेत आम्ही तासन्‌तास बसायचो. उठलं की भांडं मागं! शेजारच्या बायकांच्या घागरीसुद्धा मीच राखायचे. पलीकडून शाळेतले पाढे ऐकू यायचे. पण त्या रांगेनंच मला कष्ट शिकवले."

सविता खोटं बोलत होती असंही म्हणता येईना. वर्षानुवर्षं शाळेतल्या मुलांना हेच सांगून सांगून तिला ते स्वतःचंच वाटायला लागलं असावं. टाळ्या पडल्या. कुणीतरी डोळे पुसले. बालपण तर गेलंच होतं, आता त्याची गोष्टही गेली. घरी जाऊन आडवं व्हावं असं त्यांना वाटलं. भांडायला अंगात त्राणच उरलं नव्हतं.

"आता मनकर्णाताई," कल्याणराव माईक पुढं करत म्हणाले. "बसूनच बोला."

त्यांनी माईक दोन्ही हातांनी धरला. मग बोलल्या.

"मला बाई शाळाच लई आठवती. खिडकीपाशी बसायचे मी. पाढे म्हनायचे, समद्यांच्या आदी. पाटी सोताची हुती, कुनाची मागितलेली न्हाई. बाई हजेरी घ्यायच्या. माजं नाव आलं की मी अशी जोरात म्हनायचे," आणि त्या खरंच जोरात म्हणाल्या, "हजर!"

सभामंडप हसला. "अहो, आमच्याच वर्गात होत्या की!" कल्याणरावांनी बेधडक सांगून टाकलं. टाळ्या सवितेइतक्याच पडल्या.

सवितेचा चेहरा उतरला होता. ती कानाशी वाकून पुटपुटली, "आक्का, तू शाळेत कधी गं आलीस?"

"आन्‌ तू नळावर कदी आल्तीस, सविता?"

सवितेनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि खाली बघत राहिली. मनकर्णाबाईंना वाटलं होतं, असं तोंडावर बोललं की जीव हलका होईल. तसं काही झालं नाही. उलट त्यांना रडूच आलं, कारण ते 'हजर' म्हणताना त्यांना फार बरं वाटलं होतं.