माहेरी गेलेल्या एक्कावन्न जणी

दानेश्वरीबाई पहिल्यांदा भेटल्या तेव्हा टॉवेलमध्ये फॉर्म गुंडाळत होत्या, एसटीत धूळ लागू नये म्हणून. कॅन्सरच्या एका रुग्णालयात संशोधन विभागात त्यांना सतरा वर्षं झाली होती. काम एका ओळीचं: उपचार घेऊन घरी गेलेली बाई जिवंत आहे का, हे गावात जाऊन पाहायचं. मैंदर्गीकडे त्या कानडीत विचारायच्या, बाकी ठिकाणी मराठीत.

"सरळ इचारायचं न्हाय," त्यांनी मला सांगितलं. "आदी पाणी मागायचं. पाणी कोन आणतंय ते बगायचं."

खरी अडचण पुढे होती. आमच्याकडे सून फार आजारी पडली की तिला माहेरी पोचवतात. आई नाहीतर भावजय तिचं करते, आणि ती तिथेच मरते. सासरी तोवर दुसरी आलेली असते. त्या घरात पहिलीचं मरण कुणी तोंडातून काढत नाही. परक्याने विचारलं की वर्षानुवर्षं एकच उत्तर: माहेरी आहे. म्हणून दानेश्वरीबाई सासरच्या दारातून निघाल्या की थेट माहेरच्या गावाची एसटी धरायच्या.

"सासरच्या उंबऱ्यावर बाई कदी मरतच न्हाय की," त्या म्हणाल्या, आणि हसल्या नाहीत.

मला बोलावलं होतं विभागाचे प्रमुख डॉ. शिवानंद यांचं मानपत्र लिहायला. मराठीत एम.ए. आणि बरं अक्षर, एवढीच माझी पात्रता. सरांचे शोधनिबंध एकशे नव्वद. जगात कुठेही कुणी आपल्या निबंधात त्यांच्या निबंधाचा आधार दिला की एक सायटेशन वाढतं. तशी दहा हजार झाली होती. फाटकावर फ्लेक्स लागला होता: सरांचा हसरा चेहरा, आणि त्याच्या दुप्पट आकाराचा आकडा.

त्यात सर्वांत गाजलेला निबंध एकच. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरला किरणांचे, म्हणजे रेडिएशनचे, पंचवीसऐवजी पंधरा शेक दिले तरी पाच वर्षांनी तेवढ्याच बाया जिवंत असतात, असं तो सांगतो. मी मानपत्रात लिहिलं, 'आपण मातांचे क्लेश उणे केलेत.' माहिती तपासायला म्हणून तो कागद दानेश्वरीबाईंकडे दिला. त्यांनी तो वाचला आणि दोन बोटांनी परत केला.

"ह्यातल्या एक्कावन्न बाया कुणी बगितल्याच न्हाईत, पूनम."

त्या वर्षी सरांना घाई होती. गावं फिरायला सात महिने लागतात. ऑफिसातून फोन करून पंधरा दिवसांत उरकलं. एक्कावन्न सासरघरांतून उत्तर आलं, माहेरी आहे. एक्कावन्न फॉर्मवर लिहिलं गेलं, जिवंत. निबंध छापून आला तरी दानेश्वरीबाई दुसऱ्या कामांवर जाता जाता त्या माहेरच्या गावांत उतरत राहिल्या. अडतीस जणी फोनच्या आधीच गेलेल्या निघाल्या. तारखांसकट यादी करून त्यांनी सरांना दिली. सर म्हणाले, "ठेवा." पुढे ती यादी सरांच्या खिडकीतल्या कुंडीखाली सापडली, पाण्याने फुगलेली. दानेश्वरीबाईंनी ती उन्हात वाळवून जपून ठेवली होती.

दुसरा खर्डा दाखवायला मी गेले, त्या दिवशी सरांच्या टेबलावर पेढ्यांचा खोका उघडा होता आणि शेजारी तेच एक्कावन्न फॉर्म. परदेशातल्या कुणी तरी आकड्यांवर शंका घेतली होती, आणि निबंध छापणाऱ्या नियतकालिकाने घरभेटींचा पुरावा मागितला होता. दानेश्वरीबाईंनाही बोलावणं गेलं होतं.

"या दानेश्वरीताई, पेढा घ्या. एवढ्या सह्या करून टाका. भेट देणाऱ्याची सही तेवढी राहिलीय बघा."

"भेटच राहिलीय, सर."

"हजरजबाबी आहात!" सर चघळत हसले. "पुढच्या पेपरात तुमचं नाव घालतो. लेखक म्हणून. मग गावात तुमचाही फ्लेक्स."

"आमच्या गावात फ्लेक्स मेल्यावर लावत्यात, सर."

सरांचं हसू थांबलं, जबडा चालूच राहिला. "मार्चमध्ये तुमची कंत्राट वाढवायची ऑर्डर निघायचीय ना? मलाच काढायचीय." त्यांनी गठ्ठा पुढे ढकलला. वरच्या फॉर्मवर अंगठ्याचा तुपकट ठसा उमटला, त्या एक्कावन्न जणींतल्या निंगव्वाच्या नावाशेजारी. माझ्या हातातला पेढा चिकट झाला होता.

ईरप्पांचा, म्हणजे दानेश्वरीबाईंच्या नवऱ्याचा, यंत्रमाग बंद पडून तीन वर्षं झाली होती. घर त्या ऑर्डरवरच चाललं होतं. त्यांनी गठ्ठा टॉवेलमध्ये बांधला आणि म्हणाल्या, "उद्या देते."

कँटीनच्या बाकावर त्यांनी ती फुगून सुकलेली यादी उलगडली. "तू वाच, मी भरते." मी नाव वाचायची, माहेरचं गाव, तारीख. त्या 'जिवंत' खोडून वर 'मृत' लिहायच्या आणि खाली पूर्ण सही करायच्या. निंगव्वा निबंध छापून यायच्या दोन वर्षं आधी गेली होती. तेरा जणी जिवंत होत्या. त्यांच्या फॉर्मवर सही करताना त्यांचा हात थोडा हलका चालला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गठ्ठा आवक-जावकच्या खिडकीत देऊन शिक्का घेतला. त्याची एक प्रत नियतकालिकाच्या पत्रावर जो पत्ता होता तिकडे मी पाठवली. संध्याकाळी सरांनी आम्हाला बोलावलं. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"हे काय केलंत तुम्ही?"

"सह्या केल्या की, सर. एक्कावन्न."

मार्चमध्ये ऑर्डर आली नाही. सत्कार झाला. मानपत्र दुसऱ्या कुणी तरी लिहिलं, चांदीच्या चौकटीत बसवलं. नियतकालिकाने निबंधाखाली दोन ओळी टाकल्या: आकडेवारीबद्दल शंका आहे, चौकशी सुरू आहे. त्या ओळी कुणी वाचतं असं दिसत नाही.

दानेश्वरीबाई आता घरी शेंगा फोडायचं काम घेतात. महिन्यातून एकदा त्यांचा फोन येतो. तब्येत विचारत नाहीत, माझ्या नोकरीचंही नाही.

"किती झालं त्याचं?"

मी संगणकावर त्या निबंधाची सायटेशन बघून सांगते. "अजून चौदा वाढली, मावशी."

पलीकडे शेंग फुटल्याचा आवाज येतो.

"म्हंजे चौदा ठिकाणी अजून पंधराच शेक," त्या म्हणतात.