भरल्या महिन्यांची थाळी

डॉक्टर सुमतीबाईंची आणि माझी ओळख झाली ती बांगड्यांवरून. वाशीमच्या बायकांच्या दवाखान्यात मी परिचारिका म्हणून नुकतीच रुजू झाले होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीच्या दाराशी बाईंनी मला थांबवलं. "या खोलीत बांगड्या वाजता कामा नयेत," म्हणाल्या. सवाष्णीला असं सांगतात म्हणजे काय! माझा पारा चढला. बाईंनी वाद घातला नाही. मलमलीची पट्टी आणली आणि स्वतःच्या हाताने माझ्या बांगड्या मनगटाशी बांधून टाकल्या. अजूनही मी त्या खोलीत तशीच जाते.

बाईंना यंदा साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या कामाविषयी मोठी माणसं लिहितीलच. मला लिहायचं आहे ते त्यांच्या वाट पाहण्याविषयी.

नागपूरचे एक स्नेही त्यांना परदेशी वैद्यकीय मासिकं पाठवत. मेंदूत बारीकशी वीज चालते आणि यंत्राने तिच्या रेघा कागदावर उमटवता येतात, हे मी बाईंकडूनच ऐकलं. फार लवकर जन्मलेल्या बाळाची रेघ थोडी हलते, मग जवळजवळ सपाट पडून राहते, पुन्हा हलते. महिने भरत जातात तसे मधले सपाट तुकडे आखूड होत जातात. असलं यंत्र आमच्याकडे कुठलं असायला! बाई बाळाजवळ स्टुलावर बसून त्याच्या पापण्या, बोटं, श्वास न्याहाळत राहत. "रेघ नाही दिसत, बाळ तर दिसतं ना," असं म्हणत.

आसेगावच्या कौसल्याबाईंना सातव्या महिन्यातच मुलगी झाली. सोबत सासू, चंद्रभागाबाई. मूल जन्मलं की आपल्याकडे थाळी वाजवतात. मूल दचकलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आजींनी पदराखालून पितळी थाळी आणली आणि माझी पाठ वळताच मुलीच्या कानाशी वाजवली. मुलीची पापणीसुद्धा हलली नाही.

"इच्या डोक्यात कायीच नायी," आजी म्हणाल्या. "चाल कौसल्या, घरी. दूध पाजून त्या जीवाले कायले तरास देतं?"

कौसल्याबाई रडत गाठोडं बांधू लागल्या. घरी नेलं तर मुलगी जगणार नाही, हे आम्हां सगळ्यांना कळत होतं. मी आजींवर तोंड सोडणार, तोच बाई आल्या. त्यांनी आपलं स्टूल आजींना दिलं आणि स्वतः खाली बसल्या. बाई पुण्याच्या, पण रोग्यांशी वऱ्हाडीच बोलतात. त्यांच्या त्या पुणेरी वऱ्हाडीला आम्ही मागाहून पोटभर हसतो.

"आजी, तुमी थाळी लवकर वाजवली. इचा मेंदू अजून पोटातल्यासारखाच हाये. जरासा जागते, मंग निजते. नऊ महिने भरू द्या, मंग वाजवा."

"मंग दचकन का थे?"

"थे मले आज सांगता येत नायी. पन आज दचकली नायी म्हनून आजच फैसला करू नोका."

खोटा धीर बाईंनी कधी कुणाला दिला नाही. आजींनी थाळी पुन्हा पदराखाली सारली. मग म्हणाल्या, "कौसल्या, ठेव थे गाठोडं खाली."

त्यानंतर शेतातला धुतल्यासारखा पांढरा कापूस आसेगावहून येत राहिला. त्यात गुंडाळून आम्ही मुलीला उबेत ठेवत होतो, थेंबाथेंबाने दूध पाजत होतो. महिने भरले तशा आजी आल्या, या खेपेला थाळी उघड हातात घेऊन. बाई म्हणाल्या, "हळू वाजवा." पण आजींना हळू काही जमलं नाही. मुलीने दोन्ही हात फेकले, बोटं फाकवली आणि असा टाहो फोडला की शेजारच्या खोलीतल्या बायका धावत आल्या. आजी थाळी टाकून रडायला लागल्या. बाई खिडकीकडे तोंड करून कितीतरी वेळ चष्मा पुसत होत्या.

ती थाळी आजींनी दवाखान्यातच ठेवली. आजही ती खिळ्याला टांगलेली आहे. लवकर आलेल्या बाळाचे महिने भरले की बाई ती घरच्यांच्या हाती देतात. कधी बाळ तोवर टिकत नाही, आणि ती खिळ्यावरून उतरायची वेळच येत नाही. त्या दिवशी बाई जेवत नाहीत, हे फक्त आम्हांलाच ठाऊक आहे.

आसेगावची ती मुलगी, वेणू, आता शाळेत जाते आणि तिच्या बडबडीने मास्तर हैराण आहेत. बाईंच्या साठीच्या सत्काराच्या दिवशी थाळी तिनेच वाजवायची, असं आम्ही परस्पर ठरवून टाकलं आहे. बाईंना हल्ली जरा कमी ऐकू येतं, तेव्हा जोरात वाजव, असं तिला बजावलं आहे. बाई, तुम्ही दचकून आमच्यावर रागवा. ठणठणीत राहा, आणि पुढची पुष्कळ वर्षं आम्हांला अशीच तुम्हांला दचकवू द्या.