ओव्हरटाइमची जात

भाषांतराच्या धंद्यात किस्से जमवावे लागत नाहीत. टेबलाच्या खणात टाचण्या जमतात तसे ते आपोआप जमतात. निगडीच्या बसस्टँडमागे, पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. माणसं दोनच. एक मी आणि दुसऱ्या दातारबाई. शाळेतून रिटायर झालेल्या इंग्रजीच्या बाई, ऑफिस त्यांचंच. दुपारी दोन ते चार खिडकीतल्या कडुनिंबाची सावली टेबलावर हलत असते. खाली जिन्याशी एक कुत्री झोपलेली असते, झोपेतच पाय हलवत कुठेतरी धावत असते. समोरचे शब्दही हळूहळू विरघळायला लागतात. माझ्या बहुतेक चुका याच वेळेतल्या. त्यातल्या कुत्र्याच्या तेवढ्या सांगतो.

*

चाकणच्या एका कंपनीचं मशीनचं मॅन्युअल मराठीत करायचं होतं. लेथवर जॉब पकडणाऱ्या एका क्लॅम्पला ‘डॉग’ म्हणतात, हे मला कुठून माहीत? दुपारची वेळ. मी बिनधास्त लिहिलं, ‘कुत्रा घट्ट आवळा, मगच मशीन सुरू करा.’

आठवड्याभरात तिथले फिटर बालाजी ते मॅन्युअल घेऊन आले. मूळचे लातूरकडचे, अगदी गरीब स्वभावाचे. खाली मान घालून म्हणाले, “साहेब, आमच्या गेटवर कुत्रा हाय बगा एक. पण त्यो काय आवळू दीना!”

त्या कुत्र्याचं नाव ओव्हरटाइम. शिफ्ट सुटली तरी तो गेटवरून हलायचा नाही म्हणून!

*

पुढे बालाजींनी ओव्हरटाइमला टेम्पोत घालून काळेवाडीला घरीच नेलं. त्यांची मुलगी चिमी पाच वर्षांची. ऐकू सगळं यायचं, पण बोलायची नाही. घरात खुणा करायची, बाहेर तेवढंही नाही. ओव्हरटाइम आला आणि ती त्याच्या कानात कुजबुजायला लागली. काय बोलायची कुणास ठाऊक, पण तासन्तास बोलायची. आईबाप दाराआड उभं राहून ऐकायचे.

अशात कंपनीने बालाजींना तीन वर्षांसाठी जर्मनीला पाठवायचं ठरवलं, कुटुंबासकट. कुत्र्याला न्यायचं तर त्याच्या लसीच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर हवं. ते आलं आमच्याकडे. मी पेन सरसावून विचारलं, “जात?”

बालाजींनी फाइल उघडली आणि लॅमिनेशन केलेला स्वतःचा जातीचा दाखला माझ्यापुढे ठेवला. “व्हॅलिडिटी पण हाय, साहेब!”

“अहो, तुमची नाही! ओव्हरटाइमची!”

ते खूप वेळ हसले. मग दाखला जपून फाइलीत ठेवत हळूच म्हणाले, “त्याला बी लागती का?”

*

पुस्तकात सरकारी डॉक्टरांनी लिहिलं होतं, ‘जात : गावठी’. मी लिहिलं, ‘स्ट्रे’.

प्राणी विमानाने पाठवणारा एजंट दिल्लीचा. त्याने कागद परत पाठवून फोन केला. “सरजी, स्ट्रे का तो मालिक ही नहीं होता. फिर ले कौन जा रहा है?”

मी सुधारून लिहिलं, ‘कंट्री डॉग’. पुन्हा फोन. “कौन सी कंट्री, सरजी?”

या वेळी त्याने बजावलं, की आता कागद चुकला तर विमानातली कुत्र्याची जागा जाईल. कंपनीची तारीख तर हलणार नव्हती. बालाजी समोर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. “लेकराला काय सांगू, साहेब? ह्यो हितंच ऱ्हायला तर ती पुन्यांदा गप हुईल.”

मला फार लाज वाटली. माझ्या एका शब्दापायी एका पोरीचं बोलणं अडलं होतं.

*

मग दातारबाईंनीच काम हातात घेतलं. डिक्शनरीत ‘माँग्रेल’ निघालं. बालाजींनी अर्थ विचारला. बाईंनी खरा तो सांगितला. “भेसळीचा. शिवी म्हणूनही वापरतात.”

“नको मॅडम. उद्या पोरगी इंग्रजी शिकंल, वाचंल.”

मी कॉम्प्युटरवर शोधलं. ‘इंडियन पारिया डॉग’! पुस्तकांतही हेच नाव. मी खूश. बाईंनी चष्मा काढला.

“पारिया हे दक्षिणेत अस्पृश्य मानलेल्या माणसांच्या जातीचं नाव आहे. इंग्रज साहेबांनी ते कुत्र्याला चिकटवलं. माझ्या शिक्क्याखाली हा शब्द जाणार नाही.”

बालाजींचा हात दाखल्याच्या फाइलीवर होता. कडुनिंबाची सावली टेबलावर हलत राहिली.

*

बाई खिडकीबाहेर बघत बसल्या. मला वाटलं त्यांना डुलकी लागली. मग एकदम वळून त्यांनी कागदावर सहा इंग्रजी अक्षरं लिहिली. जी, ए, व्ही, टी, एच, आय.

“बाई, हे भाषांतर कुठे झालं?”

“तुझ्या नावाचं करतो का आपण?” असं म्हणून त्यांनी शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी दिल्लीचा फोन. मी जीव मुठीत धरून उचलला.

“अरे सरजी, पहले बताना था ना! गॅव्हथाय! बहुत रेअर ब्रीड है!”

ओव्हरटाइम ठरल्या विमानाने गेला.

*

यंदा कडुनिंबाला मोहोर आला होता तेव्हाची गोष्ट. खालची कुत्री नेहमीप्रमाणे झोपेत धावत होती. ऑफिसला जर्मनीहून एका आजींचा ई-मेल आला. इंग्रजीत होता. बाई वाचत वाचतच मराठी करून मला सांगायला लागल्या.

“‘आमच्या इमारतीतल्या त्या सुंदर कुत्र्याच्या कागदावर मी तुमचा शिक्का पाहिला. मलाही अगदी अस्सल गावठी पिल्लू हवं आहे. अस्सल असल्याचा दाखला तुम्ही देता का?’”

मी खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढची ओळ वाचली.

“‘जातीचं नाव मला माझ्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या त्याच्या लहान मालकिणीने सांगितलं. मला ते म्हणता येईना, म्हणून तिने माझ्या कानात तीनदा म्हणून दाखवलं.’”

बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचली. मग चपला घालून जिना उतरून खाली गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. पासष्टीच्या बाई साडी सावरत त्या कुत्रीसमोर उकिडव्या बसल्या होत्या.

“काय गं, जात काय तुझी?”

कुत्रीने एक डोळा उघडला, शेपटी एकदा जमिनीवर आपटली आणि पुन्हा झोपून गेली.