जिलबीची बेंबी

आमच्या घरात आजवर कुणी उपाशी झोपलेलं नाही, आणि त्यामुळेच आमच्या घरातला साप मरता मरता वाचला.

साप म्हणजे जिलबी. माझ्या मुलीची, मुग्धाची. केशरी अंग, त्यावर लालसर ठिपके आणि दिवसभर वेटोळं घालून बसायची सवय, म्हणून जिलबी. (परदेशी जात आहे, बिनविषारी आहे, रीतसर सरकारी नोंद केलेली आहे. आपल्याकडचा नाग किंवा धामण घरात पाळणं गुन्हा आहे, तेव्हा हे वाचून कुणी पोतं घेऊन पारसिकच्या डोंगरावर जाऊ नका.) कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये मुग्धाने ती आणली, तेव्हा मी जाहीर केलं होतं की या घरात एक तर तो साप राहील, नाहीतर मी! मुग्धाने शांतपणे विचारलं, "मग तुझी बॅग भरू?" मी राहिले. महिन्याभरात जिलबीच्या काचेच्या पेटीशेजारी खुर्ची टाकून मटार सोलायला लागले, आणि सोलता सोलता तिला सोसायटीतल्या बातम्याही सांगायला लागले. ती मध्ये बोलत नाही. आमच्या घरात असं दुसरं कुणी नाही.

ह्यांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, प्रकरण वेगळं होतं. हे त्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकत नसत. मुग्धाशी बोलायचं तर दारातून, आणि तेही चपला घालून.

मग मुग्धाला ऑफिसने ट्रेनिंगसाठी बंगळुरूला पाठवलं आणि जिलबीचं जेवणखाण माझ्याकडे आलं. जेवण म्हणजे मेलेले, गोठवलेले उंदीर. त्यांचा छोटा फ्रिज वेगळा आहे, कारण माझी कोथिंबीर आणि उंदीर एका घरात नांदणार नाहीत असं मी आधीच बजावलं होतं. जायच्या आधी मुग्धाने माझ्याकडून सगळं करून घेतलं. उंदीर फ्रिजरमधून काढून सावकाश वितळू द्यायचा, मग पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवायचा. मायक्रोवेव्ह चालेल का, असं मी विचारलं तेव्हा ती माझ्याकडे जे बघत राहिली, ते तुम्ही पाहायला हवं होतं. लांब चिमट्यात धरूनच द्यायचा, कारण हाताला उंदराचा वास लागला की साप बिचारा बोट कुठलं आणि जेवण कुठलं यात गडबडतो. जिवंत उंदीर कधीच सोडायचा नाही, तोच सापाला चावतो. नंतर साबणाने हात धुवायचे, आणि दोन दिवस सापाला हात लावायचा नाही.

"रविवारी एक, आई. फक्त एक. मग पुढच्या रविवारी."

"मला शिकवू नकोस. तुलाही मीच भरवलंय."

"म्हणून तर सांगतेय," मुग्धा म्हणाली.

आता ही मुलगी लहानपणी जेवायची नाही. मी ताट घेऊन तिच्यामागे चार मजले चढले-उतरले आहे, त्यामुळे तिच्या बोलण्याकडे मी दुर्लक्ष केलं.

रविवारी सगळं छान झालं. जिलबीने उंदीर झटक्यात घेतला, गिळला आणि वेटोळं घालून बसली. मला इतका अभिमान वाटला की समोरच्या फ्लॅटमधल्या म्हात्रे वहिनींना बोलावून मी तो रिकामा चिमटा दाखवला. वहिनी मूळच्या इथल्याच, तळवली गावच्या. आमच्या घराची एक किल्ली कायम त्यांच्याकडे असते.

मंगळवारी मी मटार सोलत बसले होते. जिलबी काचेपाशी आली, मान वर केली आणि माझ्याकडे बघून जीभ बाहेर काढली. एकदा नाही, सारखी. आता कुणी तोंडासमोर येऊन जीभ काढून बघत असेल, तर त्याचा अर्थ काय होतो? माझ्या माहेरी, कराडकडे, त्याचा अर्थ पान वाढा असा होतो! आठवड्याला एक उंदीर! आपण चहाबरोबर खारी खातो ती धरलीच नाही तरी दिवसातून तीनदा जेवतो. मी आणखी एक वितळवला. तिने तो क्षणात गिळला. बघा, भूक होतीच की, असं मी स्वतःलाच म्हटलं आणि कुणाला काही बोलले नाही.

बुधवारी सकाळी जिलबी मलूल पडली होती. पोट टम्म. मी चार पोरं वाढवलेली बाई (माझी एक आणि बहिणीची तीन), टम्म पोट बघितलं की माझा हात हिंगाच्या डबीकडे जातो. बाळाचं पोट दुखलं की भिजवलेला हिंग बेंबीभोवती लावायचा, मग वारा सरतो आणि बाळ झोपतं. मी हिंग भिजवला, जिलबीला उचलून मांडीवर घेतलं, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"अहो, सापाला बेंबी कुठे असते?" मी ओरडून विचारलं.

हॉलमध्ये वर्तमानपत्राची सळसळ थांबली. हे म्हणाले, "कुणाला?"

मी चष्मा लावला. जिलबीला खिडकीच्या उजेडात आडवी केली आणि शेपटीकडून शोधायला सुरुवात केली. अर्ध्यावर आले असेन नसेन, तिच्या अंगातून एक लाट गेली, जबडा उघडला, आणि खाल्लेलं सगळं माझ्या मांडीवर आलं. त्या वासाचं वर्णन मी करणार नाही, तुम्ही जेवला असाल. मी किंचाळले. पण खरी घाबरले ती नंतर, कारण जिलबी माझ्या हातात दोरीसारखी लोंबत होती. मुग्धाने तिचा जीव माझ्यावर सोपवला होता, आणि तो मी माझ्या हाताने घालवला असं मला वाटलं. मी हिंगाच्या हातानेच रडायला लागले.

म्हात्रे वहिनी धावत आल्या. उशीच्या अभ्र्यात जिलबी, अभ्रा भोकांच्या डब्यात आणि डबा ह्यांच्या मांडीवर, असे आम्ही तिघं रिक्षाने वाशीच्या डॉक्टरांकडे निघालो. डबा मी घेते म्हटलं, तर ह्यांनी दिला नाही. अनवाणीच निघाले होते, तेही त्यांना रिक्षात कळलं.

डॉक्टर म्हणजे मुग्धाच्याच वयाची मुलगी. तिने जिलबीला अलगद तपासलं आणि शेवटचं कधी खाल्लं ते विचारलं. मी रविवारी म्हणाले. एकच का, असं तिने विचारलं. एकच म्हणाले. तिने लिहायचं थांबवून पेन खाली ठेवलं.

"आणि मंगळवारी एक," मी म्हणाले. "अगदी छोटा."

ह्यांनी घसा खाकरला. "सोमवारी मी पण एक दिला."

मी वळून बघितलं. ज्या माणसाने त्या खोलीत कधी पाऊल टाकलं नाही, तो माणूस!

"तू भाजीला गेली होतीस," हे डब्याकडे बघत म्हणाले. "ती एकटीच बसली होती गं. मला कसंतरी वाटलं."

"आता खरं बोलतेच," म्हात्रे वहिनी म्हणाल्या. "सांजंला मी किल्लीनं आत येऊन येक सुका बोंबील ठेवलेला. हुंगला पन नाय तिनी. मंग मीच उचलून नेला."

डॉक्टर पाठ फिरवून खणात काहीतरी शोधायला लागली. तिचे खांदे हलत होते. वळली तेव्हा चेहरा गंभीर होता.

"काकू, जिलबी वाचेल," ती म्हणाली. "जीभ काढते म्हणजे तिला भूक लागलेली नसते. साप जिभेने वास घेतात. ती तुमचा वास घेत होती."

माझा?

"ओळखीचा झालाय ना. माझ्याकडे येणाऱ्या सापांना लोकांनी मारलेलं नसतं, काकू, माया करून भरवलेलं असतं. त्यांचं पोट सावकाश चालतं. भरल्या पोटी हाताळलं तर ते टाकून देतात. आता दोन आठवडे स्वच्छ पाणी, ऊब आणि शांतता. खायला काही नाही. मग अगदी छोटा एकच."

"काहीच नाही?" मी विचारलं. "पातळ पेज?"

"काहीच नाही. हिंगसुद्धा नाही."

संध्याकाळी मुग्धाचा व्हिडिओ कॉल आला. लपवायचं मनात आलं होतं, पण माझा चेहरा मला कधी लपवता आलेला नाही. सगळं सांगून टाकलं. ती रागावेल असं वाटलं होतं. तिने लहानपणीच्या आवाजात एवढंच विचारलं, "आई, जगेल ना गं ती?"

"डॉक्टर म्हणाली, कुणी काही खायला घातलं नाही तर नक्की जगेल."

"मग अवघड आहे," मुग्धा म्हणाली आणि रडू लागली, आणि मग रडता रडता हसू लागली.

ते दोन आठवडे देवाने वैऱ्यालाही देऊ नयेत. आमच्या घरात एक आजारी जीव, आणि त्याला कुणी घासभर काही विचारायचं नाही! मी ह्यांच्यावर लक्ष ठेवायची, हे माझ्यावर, आणि म्हात्रे वहिनी दोघांवर. मटार मी स्वयंपाकघरातच सोलायला लागले, कारण तिने जीभ काढली की माझा धीर सुटायचा. वास घेते, वास घेते, असं मी मनाशी घोकत बसायची.

मुग्धा परतली आणि तिनेच तो छोटा उंदीर चिमट्यात धरला. आम्ही तिघं दारात उभे. जिलबीने वास घेतला, मागे सरली, पुन्हा पुढे आली, आणि हळूच घेतला. म्हात्रे वहिनींनी हात जोडले. हे चष्मा पुसायला लागले. मी पदर तोंडात कोंबून रडले, कारण आवाज करायची बंदी होती.

जिलबी आता ठणठणीत आहे. मुग्धाने तिच्या पेटीला एक चांगलं दणकट कुलूप बसवलंय. त्याची किल्ली म्हात्रे वहिनींकडे असते, कारण त्यांच्या हातचं जिलबी खात नाही. परवा माझी नणंद आली होती. ते कुलूप बघून ती जागच्या जागी थिजली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "वहिनी, एवढा डेंजर आहे साप?"

"छे हो, वन्सं," मी म्हणाले, "ती अगदी गरीब आहे. कुलूप माझ्यासाठी आहे."