जोतिबाचा खेटा, भरल्या पोटी

गेल्या वर्षी जोतिबाच्या खेट्याहून मी रिक्षात बसून परतले. माघातल्या रविवारी कोल्हापुरातून जोतिबाच्या डोंगरावर पायी जायचं, त्याला खेटा म्हणतात. मी निर्जळी निघाले होते आणि कुशिऱ्याजवळ रस्त्यातच मटकन बसले. यंदा डोंगर गाठायचाच, तोही स्वतःच्या पायांनी! शनिवारी साताऱ्याहून एसटी धरली. बायकांना अर्धं तिकीट, वर खिडकी मिळाली.

माझे उपास म्हणाल तर सोमवार नवऱ्यासाठी, गुरुवार सासूबाईंसाठी, शनिवार मुलासाठी. चंदनासारखं झिजावं, हे लहानपणापासून ऐकलंय. चंदनाला डोंगर चढायचा नसतो, हे मात्र कुणी सांगितलं नाही.

मुक्काम गडमुडशिंगीला, थोरल्या नणंदेकडे. वन्संच्या गोठ्यात दोन म्हशी. संध्याकाळी उत्साहाच्या भरात मी चरवी घेऊन एकीची धार काढायला बसले. तिनं अशी लाथ झाडली की चरवी एकीकडे आणि मी शेणात!

"आगं वयनी," वन्संना हसू आवरेना, "तिची पाटी रिकामी हाय की! पेंड खाल्ल्याबिगर ती धार देत न्हाई."

पेंड आली, म्हैस खाऊ लागली आणि वन्संची चरवी फेसानं भरली.

"हिला कुणी आपमतलबी म्हणतंय व्हय? आख्ख्या घराला दूध घालती. तूच तेवढी उपाशी राहून समद्यांस्नी पुरणार?"

मला रागच आला. देवाचा उपास आणि म्हशीची पेंड एका पंगतीत? शनिवार होता, मी राजगिऱ्याचा लाडूसुद्धा नाकारला. पण म्हैस काही डोक्यातून जाईना.

पहाटे वन्संनी भाकरी-पिठलं पुढं ठेवलं. हात दोनदा मागं घेतला, मग जेवले. पोटभर.

पंचगंगेचा पूल ओलांडला की वडणगे, निगवे, कुशिरे असा रस्ता आहे. टोपी न्या, पाणी न्या, ऊन तापायच्या आत निघा. गेल्या वर्षी बसले होते त्याच वळणावर एक म्हातारे गृहस्थ केळी वाटत होते.

"घ्या पावणं."

"नको, मी काही दिलं नाही तुम्हाला."

"तुमी न्हाई घेतलं तर मला पुण्य कसं लागायचं? माझाबी स्वार्थ हाय की ह्यात!"

मी दोन घेतली. म्हातारबाबा खूश, मी त्याहून खूश.

गायमुखापासून पायऱ्या लागतात. पोटऱ्या बोंबलत होत्या, पण चक्कर आली नाही. शिखर दिसलं तेव्हा मी एवढ्या जोरात "चांगभलं!" ओरडले की पुढची माणसं वळून बघू लागली. गुलालानं माखले, रडले आणि देवाजवळ आयुष्यात पहिल्यांदा आधी स्वतःसाठी मागितलं: माझे गुडघे शाबूत ठेव. मग बाकीच्यांची यादी. देवानं काही तोंड फिरवलं नाही. खाली यायला एसटी मिळते, सुटे पैसे ठेवा.

सोमवारी सकाळी साताऱ्यात मी पोह्यांची ताटली भरून घेतली. नवरा बघतच राहिला.

"आज सोमवार ना? मग माझ्यासाठी उपास कोण करणार?"

"तुम्हीच करा की!"

केला बिचाऱ्यानं. अकरापर्यंत घरातले शेंगदाणे संपले होते.