शुगरची नसलेली जखम

बीटाडिनचा वास आला की अजून आबांचा, माझ्या वडिलांचा, तळपाय दिसतो. त्यावरची जखम भरतच नव्हती. शुगरमुळं, असं इंदापुरात सगळे म्हणायचे. आई ती रोज धुऊन बांधायची. शेवटी बारामतीच्या डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला.

"आबा, ही शुगरची जखम नाही," मी आबांना घेऊन पुन्हा गेल्यावर रिपोर्ट बघत ते म्हणाले.

पुढचं न ऐकताच आबांनी आईला फोन लावला. "अगं, शुगरची न्हाय म्हनं! आता बरी व्हईल बघ."

फोनवर पलीकडं आई हसली, मलाही ऐकू आलं. इतकं मोकळं हसताना मी तिला पुन्हा कधी ऐकलं नाही.

फोन संपेपर्यंत डॉक्टर थांबले. मग म्हणाले, "कातडीचा कॅन्सर आहे. जांघेपर्यंत पोचलाय."

आबांनी हातातला फोन खिशात ठेवला. मग मला म्हणाले, "आता तिला कोन सांगनार?"